उतारावर कुणाचा हात बघायचा

आमच्या घरमालकीणबाईंनी आयुष्यभर जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि त्यांच्याकडे पिकअप ट्रक होता. या दोन गोष्टींचा मेळ घालायला मला बरेच महिने लागले. बाई साठीच्या पुढच्या, सडपातळ, बोलणं मोजकं. आठवडाभर इस्त्रीचा शर्ट घालून वावरायच्या आणि शनिवारी सकाळी रबरी बूट चढवून त्या हिरव्या धुडात जाऊन बसायच्या. संध्याकाळी परत यायच्या तेव्हा धुडाचा रंग हिरवा आहे हे आठवावं लागायचं, कारण चिखल पार खिडक्यांपर्यंत आलेला असायचा. त्या बुटांनी आमचा जिना मळायचा, आणि झाडायची पाळी आमची असली तरी बाई तो स्वतः झाडून काढायच्या.

"कुठे जाता तुम्ही दर शनिवारी?" मी एकदा न राहवून विचारलं.

"खाणीत," त्या म्हणाल्या. "चिखलात गाडी चालवायला."

मी वर येऊन नवऱ्याला सांगितलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. नवरा गेर्लिंगेनला इंजिनिअर, मी बॉबलिंगेनमध्येच एका सॉफ्टवेअर कंपनीत अर्धवेळ, आणि मुलगी किंडरगार्टनच्या शेवटच्या वर्षात. घरी आम्ही मराठीच बोलायचो. तिला सगळं समजायचं, पण उत्तर यायचं जर्मनमधून. 'आई' आणि 'आजोबा' एवढंच ती मराठीत म्हणायची.

माझ्या नाकावर राग असतो, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. पण त्या वर्षी मी जितकी धुमसत होते तितकी त्याआधी कधी धुमसले नसेन. कारण एकच होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. माझी मुलगी माझ्या गाडीत बसत नव्हती.

आदल्या हिवाळ्यात आम्ही दोघी शोनबुखच्या जंगलातून घरी येत होतो. रस्ता ओला दिसत होता. तो ओला नव्हता, त्यावर डोळ्याला न दिसणारा बर्फाचा पातळ थर होता. इकडे त्याला ग्लाटआइस म्हणतात आणि त्याची सूचना रेडिओवर देतात, पण मी रेडिओ लावला नव्हता. वळणावर गाडी स्वतःभोवती फिरली आणि नाक खुपसून चरात जाऊन बसली. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. आता मागून भोकाड ऐकू येईल म्हणून मी वाट बघत होते. ती रडली नाही. समोरच्या काचेतून नुसती झाडं दिसत होती, त्याकडे बघत तिनं विचारलं, "आई, वो इस्ट डी श्ट्रासं?" रस्ता कुठे गेला?

मी चराला, गाडीला, हवामानाला आणि एकूणच युरोपला शिव्या दिल्या, त्याही मराठीत, म्हणजे तिला सगळ्या समजल्या.

त्यानंतर ती माझ्याबरोबर बसेना. हट्ट नाही, रडारड नाही. मी किल्ली उचलली की ती शांतपणे पायातले बूट काढून ठेवायची आणि म्हणायची, "पापा झोल फारेन." पापानं चालवावी. पापा दिवसभर गेर्लिंगेनला. त्यामुळे पोहायला बसनं, दाताच्या डॉक्टरकडे बसनं, मैत्रिणींच्या वाढदिवसांना बसनं. बसबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण पोटच्या पोरीनं आपल्याला भ्यावं, हे मला फार लागलं होतं. मी समजावून बघितलं, चिडून बघितलं, चॉकलेटचं आमिष दाखवून बघितलं. नवरा म्हणायचा, "राहू दे गं, मोठी होईल तशी विसरेल." त्याचं काय जात होतं म्हणायला? त्याच्या गाडीत ती बसत होती.

एका पावसाळी दुपारी आम्ही बसथांब्यावर कुडकुडत उभ्या होतो आणि समोर आमची गाडी दारात आरामात उभी होती. मालकीणबाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी मुलीलाच विचारलं, गाडी बिघडली का? मुलीनं आढेवेढे न घेता सांगून टाकलं, "आई चालवते तेव्हा रस्ता निघून जातो." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी. जाड मोजे घाला."

जर्मनीत मनाला येईल त्या जंगलात गाडी घालता येत नाही. पाटी असते, नसली तरी नियम असतो, आणि नियम नसला तर शेजारी असतो. म्हणून हे लोक क्लब काढतात. बाईंच्या क्लबानं आल्बच्या डोंगरावर एक जुनी चुनखडीची खाण भाड्यानं घेतली होती. तिथे चढ, उतार, खड्डे, पाण्याची डबकी असं सगळं होतं, आणि खाणीच्या मागून एका सभासदाच्या स्वतःच्या मालकीच्या जंगलात जाणारी ओबडधोबड वाट होती. शनिवारी तिथे पिकअप आणि जीप गाड्या जमायच्या. एक बेकरीवाला, एक दातांची डॉक्टरीण, काही निवृत्त मंडळी. सगळे चिखलानं माखलेले आणि विलक्षण खुशीत.

मला वाटलं होतं, लगेच स्टिअरिंग हातात देतील. बाईंनी मला आधी तिथला एक चढ पायी चढायला लावला, आणि पायीच उतरायला. कुठे दगड आहे, कुठे माती भुसभुशीत आहे, चाक कुठून जाणार, सगळं बुटाच्या टाचेनं दाबून बघायचं. गाडीत बसल्यावर नाकासमोरचं बॉनेट सोडून काही दिसत नाही, म्हणून समोर एक माणूस उभा राहतो आणि हातानं रस्ता दाखवतो. त्याला आइनवाइझर म्हणतात. बोटं आपल्याकडे वळली की पुढे यायचं, अंगठा जिकडे, तिकडे चाक वळवायचं, दोन्ही मुठी वर गेल्या की थांबायचं. आणि मुख्य नियम असा, की आइनवाइझर एकच. तो उभा राहिला की बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं आणि हात हलवायचे नाहीत.

हा नियम ऐकून मला मनापासून हसू आलं. आमच्याकडे गल्लीत कुणी गाडी मागे घ्यायला लागलं की वॉचमन, इस्त्रीवाला, गॅलरीतल्या काकू आणि रस्त्यानं चाललेला अनोळखी माणूस असे सगळे एकदम "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" करतात, आणि चालवणारा सगळ्यांची सरासरी काढतो. मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आणि गाडी आपटली तर दोष कुणाचा?" मी म्हटलं, चालवणाऱ्याचा. "गेनाऊ." अगदी बरोबर. एवढं म्हणून त्या पुन्हा चढाकडे वळल्या.

पानगळीचे सगळे शनिवार मी त्या खाणीत घालवले. बाईंचा ट्रक मला वळायला लागला. उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही, हे मी तिथे शिकले. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. मागची बाजू सरकली तरी चाकं फिरती राहिली पाहिजेत. फिरणारं चाक तुमचं ऐकतं, थांबलेलं कुणाचं ऐकत नाही. पहिल्यांदा तो ट्रक माझ्या हातून डबक्यातून निघून पलीकडचा चढ चढला, तेव्हा मी आत एकटीच जोरात ओरडले. इतका निखळ आनंद मला परक्या देशात आल्यापासून झाला नव्हता. घरी आल्यावर मी मुलीला सगळं रंगवून सांगायची. ती लक्ष देऊन ऐकायची, आणि सोमवारी मी किल्ली उचलली की बूट काढून ठेवायची.

जानेवारीत सासरे आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणात अडकल्या होत्या, आणि बाबांना बर्फ बघायचा होता. "बर्फ बघायचा तर बर्फातच यायला पाहिजे," असं म्हणून ते भर थंडीत कऱ्हाडहून येऊन दाखल झाले. बाबा पाटबंधारे खात्यात मोठे अधिकारी होते. धरणांच्या कच्च्या रस्त्यांवरून सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून त्यांनी नोकरी केली. स्वतः गाडी त्यांनी कधीच चालवली नाही. पण हात चालवले. हळू, थांब, डावीकडून घे, हे सगळं ते हातानं सांगत. इथेही नवऱ्याच्या शेजारी बसले की ऑटोबानवर त्यांचा तळहात हवेत खाली दाबला जायचा, हळू, हळू. आणि माझा इंजिनिअर नवरा, ज्याला कंपनीत कुणी काही सांगू शकत नसे, मुकाट्यानं वेग कमी करायचा. मग आम्हाला मालाचे ट्रक ओलांडून जायचे. मी मागे बसून हसू दाबायची. हसायला मला काय, माझी पाळी अजून यायची होती.

आल्बवर भरपूर बर्फ पडला आणि बाईंनी निरोप दिला, की सगळ्या घरालाच घेऊन या. मुलीला घसरगाडी खेळता येईल, आजोबांना बर्फ दिसेल आणि तुम्हाला खरा उतार मिळेल. आमची गाडी नवऱ्यानं चालवली. खाणीखालच्या लाकडी खोपटापाशी ती लावली आणि आम्ही पायवाटेनं वर गेलो. बाबा लांब कोट, माकडटोपी आणि माझ्या नवऱ्याचे बूट अशा थाटात होते. त्यांनी मूठभर बर्फ उचलला, निरखून बघितला, थोडा जिभेला लावला आणि म्हणाले, "चवीला काही विशेष नाही."

जंगलातून खाणीत उतरणारी ती वाट मी पानगळीत खूपदा उतरले होते. आता ती पांढरी होती आणि तिच्या कडा दिसत नव्हत्या. मी आणि बाईंनी ती पायी उतरून, पुन्हा चढून बघितली. मग बाई खाली वळणाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याआधी त्यांनी सगळ्यांना नियम सांगितला, आणि मी बाबांना मराठीत सांगितला. "अहो बाबा, फक्त बाईच हात करणार. बाकी कुणी नाही."

"समजलं, समजलं," बाबा म्हणाले. "शिस्त हवीच."

ते, नवरा आणि मुलगी वाटेच्या बाजूला उंचवट्यावर उभे होते. मुलगी घसरगाडीची दोरी धरून माझ्याकडे बघत होती. मी चालवताना ती एवढ्या जवळून कितीतरी दिवसांनी बघत होती. मी खालचा गिअर टाकला आणि ट्रक उतारावर सोडला.

निम्म्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग मागची बाजू जराशी डावीकडे सरकली. हे व्हायचंच होतं. समोर बाईंची बोटं शांतपणे आत वळत होती, या, या, येत राहा. आणि त्याच क्षणी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला माकडटोपी दिसली आणि हवेत उंच गेलेले दोन हात. "अगं थांब! थांब!"

मला माहीत होतं काय करायचं ते. डोक्याला पक्कं माहीत होतं. पण सासरे थांब म्हणाले आणि माझा पाय ब्रेकवर गेला. डोकं जागेवर आलं ते ब्रेक दाबून झाल्यावर. चाकं जागच्या जागी थांबली आणि ट्रक एखाद्या पाटासारखा आडवा घसरत गेला, वाटेच्या कडेला साचलेल्या बर्फात रुतला आणि झुडपांवर कलून उभा राहिला. सगळं फार हळू आणि फार मऊपणे झालं. कुणाला काही लागलं नाही, ट्रकलाही नाही. पण माझ्या मुलीनं ते सगळं बघितलं होतं.

मी वरच्या बाजूचं दार ढकलून बाहेर चढले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत बाबांसमोर माझा आवाज कधी वर गेला नव्हता. तो असा गेला, की खाणीतून परत ऐकू आला.

"बाबा! हात खिशात घाला! दोन्ही!"

नवऱ्याचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा. बेकरीवाले, डॉक्टरीणबाई, मराठीचं अक्षर न समजणारे सगळे, आपापले हात खिशात घालून उभे राहिले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग सावकाश एक हात कोटाच्या खिशात घातला, मग दुसरा. त्या उंच माणसाला तसं उभं बघून मला एकदम रडायला यायला लागलं, आणि राग तर होताच.

बेकरीवाल्यांनी त्यांची जीप आणून पट्टा लावला. आम्ही फावड्यांनी चाकांपुढचा बर्फ उपसायला लागलो. थोड्या वेळानं बघते तर माझ्या शेजारी बाबा फावडं मारत होते. "आयुष्यभर शेजारच्या सीटवरून हात केले गं," ते खाली बघतच म्हणाले. "चालवणाऱ्याच्या पायाला काय वाटतं, हे कधी कळलंच नाही." मी म्हटलं, "बाबा, मी ओरडायला नको होतं." "ओरडलीस ते बरं केलंस. ड्रायव्हर लोकांना ओरडता आलं नाही कधी."

तेवढ्यात माझी मुलगी उंचवट्यावरून खाली आली होती आणि वाटेवर वाकून काहीतरी बघत होती. "आई," तिनं हाक मारली, आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये. "इथपर्यंत नक्षी आहे. इथून पुढे नाही."

मी जाऊन बघितलं. वरून निम्म्यापर्यंत टायरची ठसठशीत नक्षी बर्फात उमटली होती. एका जागी ती संपत होती आणि तिथून खाली नुसता गुळगुळीत फराटा होता.

"इथे मी ब्रेक दाबला," मी म्हटलं. "चाकं फिरायची थांबली."

"वारुम?" का?

"आजोबा थांब म्हणाले म्हणून."

"पण बाई तर ये म्हणत होत्या."

"हो."

"मग आजोबांचं का ऐकलंस? आजोबांना तर चालवता येत नाही."

"काय म्हणतेय ती?" बाबांनी विचारलं. मी एक अक्षरही न बदलता सांगितलं. बाबा फावड्यावर रेलून इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

मुलगी हसली नाही. ती तिच्या विचारात होती. तिनं बुटानं तो गुळगुळीत फराटा घासून बघितला आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि जंगलात? तेव्हा?"

"तेव्हाही चाकं अशीच थांबली होती," मी म्हटलं. "रस्ता कुठे गेला नव्हता. तो तिथेच होता, आपल्या मागे. आपण फिरलो होतो."

तिनं मान हलवली. घसरगाडी ओढत पायवाटेनं खाली निघून गेली. मला वाटलं, झालं, आता ही सोळा वर्षांची होईपर्यंत बसनं जाणार.

ट्रक बाहेर निघाला. नवरा म्हणाला, "आज पुरे झालं. पुढच्या वेळी बघू." मालकीणबाईंनी हातमोजे झटकले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आत्ता, नाहीतर मग फार अवघड होईल." बाबा नवऱ्याला म्हणाले, "तिला जाऊ दे. तू इकडे माझ्याजवळ उभा राहा."

मी ट्रक उलटा वर नेला. दुसऱ्यांदा उतरताना मी फक्त बाईंच्या बोटांकडे बघत होते. निम्म्यावर मागची बाजू पुन्हा सरकली. पाय उचलून सीटखाली ठेवून द्यावासा वाटला, इतका तो ब्रेककडे ओढ घेत होता. बाईंची बोटं आत वळत राहिली. मी चाकं फिरती ठेवली, स्टिअरिंग जरासं वळवलं, आणि ट्रकचं शेपूट आपणहून जागेवर आलं. वळण संपलं. वर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कऱ्हाडची टाळी होती ती, मी ओळखली.

मी तशीच खाली सपाट जागेवर खोपटापर्यंत आले आणि इंजिन बंद केलं. तेव्हा मला दिसली माझी मुलगी. घसरगाडी तिनं मध्येच कुठेतरी टाकून दिली होती. आमच्या गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं. आपली मुलांची सीट, जी बसवायला मला स्वतःला धापा लागायच्या, ती तिनं एकटीनं काढली होती आणि दोन्ही हातांनी पट्ट्याला धरून, पाठमोरी, बर्फातून ओढत ओढत ट्रककडे आणत होती. टोपी डोळ्यांवर आलेली, गाल लालभडक. ट्रकपाशी आल्यावर तिनं मागच्या सीटच्या दाराचा दांडा ओढून बघितला. तो तिच्या हाताला हलला नाही.

"आई," ती म्हणाली, "माख आउफ."

उघड ना. मी खाली उडी मारली, आणि डोळ्यांत पाणी असल्यामुळे मलाही तो दांडा लगेच सापडला नाही.